पत्र मुळात असते कुठे?

गेल्या महिन्यात इंदूरहून भाचीचा फोन आला. "मामा, आईने तुला लिहिलेले मेल आहेत का रे तुझ्याकडे? तिचं खातं कुणालाच उघडता येत नाहीये."

ताईने २००३ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी संगणक शिकून घेतला आणि पुढची पाच वर्षे ती मला नेमाने लिहीत होती. रोमन लिपीतले मराठी, वाचताना ठेचा लागायच्या. पण त्यात काय काय होते! वडिलांच्या बदल्या, आजीच्या माहेरची माणसे, ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट. मी म्हटले, "आहेत की! आत्ता पाठवतो."

फोन उघडला तर २००९ च्या आधीचे एकही पत्र नाही. संगणकावर पाहावे म्हटले, तर तिथे आठ दिवसांत नवे पत्रच आलेले नव्हते, आणि फोनवर मात्र रोज येत होती. एकच खाते, दोन यंत्रे, दोघांचे म्हणणे वेगळे. सौ. म्हणाली, "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल." (हे वाक्य आमच्या घरात सर्व यंत्रांना लागू आहे.)

आठ दिवसांचे कोडे लवकर सुटले. मुलाने फोनवरून एक युक्ती सांगितली. आधी कुठल्याही न्याहाळकात थेट खात्यावर जाऊन पाहायचे. तिथे पत्र दिसले, तर बिघाड आपल्या यंत्रात. तिथेही नसेल, तर यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. खाते काठोकाठ भरले आहे का, पत्र भलत्याच कप्प्यात गेले आहे का, ते शोधायचे. माझी नवी पत्रे तिथे शाबूत होती. फोनवरून मी परवलीचा शब्द बदलला होता आणि बिचारा संगणक जुनाच शब्द सांगत दार वाजवत बसला होता. नवा शब्द दिला, पत्रे धडाधडा आली.

ताईची पत्रे मात्र न्याहाळकातही नव्हती. ती गेली कुठे हे समजून घेताना मी चाळीस वर्षे मागे गेलो. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्याला काय करणार!

१९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या विद्यापीठांत ई-मेल (जुन्या मराठी संकेतस्थळांवर आपण याला विरोप म्हणायचो, आठवते?) मोठ्या, चोवीस तास चालणाऱ्या यंत्रांवर येत असे आणि तिथेच बसून वाचली जाई. मग टेबलावरचे छोटे संगणक आले. ते संध्याकाळी बंद व्हायचे. बंद घरात टपाल कसे टाकणार? म्हणून पत्र मोठ्या यंत्रावर साठवायचे आणि छोट्याने सवडीने येऊन ते घेऊन जायचे, अशी रीत जॉयस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये लिहून काढली. नाव दिले पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे 'पॉप'. १९८८ साली तिची तिसरी आवृत्ती निघाली आणि तीच पुढे जगभर चालली.

नाव अगदी सार्थ आहे. पोस्टात जायचे, आपल्या पेटीतली पत्रे काढून घरी आणायची, पेटी रिकामी. पत्र उतरवून घेतले की मूळ प्रत पुसून टाका, अशी आज्ञा यंत्राला देता येते. आज हे क्रूर वाटेल, पण त्या काळी साठवणीची जागा महाग होती. १९९६ च्या सुधारित मसुद्यात तर पत्रे तशीच ठेवणाऱ्या लोकांमुळे जागेची कशी अडचण होते, यावर वेगळे प्रकरणच आहे. आणि आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुले केले तेव्हापासून पुढे बरीच वर्षे ते टेलिफोनच्या तारेवरून यायचे. मोडेमची ती किरकिर, फोन अडकलेला, मीटर चालू. झटकन पत्रे उतरवायची आणि तार मोकळी करायची. पॉप त्यासाठी फारच सोयीचे. मीही तेच करत होतो.

दुसरा विचार मांडला मार्क क्रिस्पिन या माणसाने, १९८६ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठात. पत्र घरी नेऊच नका, ते तिथेच राहू द्या, तुम्ही लांबून वाचा. याचे नाव 'आयमॅप'.

शाळेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. शाळेचे जनरल रजिस्टर कचेरीबाहेर जात नाही. मुलाची जन्मतारीख पाहायची तर शिक्षकाने तिथे यायचे, मुख्याध्यापकांनीही तेच पाहायचे. दाखला म्हणजे त्यातला उतारा, मूळ नोंद नव्हे. आणि एकाने शेरा मारला की तो सगळ्यांना दिसतो. आयमॅपमध्ये असे शेरे ठरलेले आहेत. वाचले, उत्तर दिले, महत्त्वाचे, काढून टाकायचे, अर्धवट लिहिलेले. फोनवर वाचलेले पत्र संगणकावरही वाचलेले दिसते, ते या शेऱ्यांमुळे. पॉपला या शेऱ्यांची कल्पनाच नव्हती. घरी नेलेल्या पत्रावर तुम्ही काय खुणा करता, याच्याशी पोस्टाला काय देणेघेणे?

रजिस्टरमध्ये प्रत्येक पत्राला क्रमांक असतो, तो पुन्हा दुसऱ्याला दिला जात नाही. सगळे क्रमांक नव्याने पडले तर खात्याचे यंत्र तसे कळवते, आणि मग फोनने आपल्याकडची जुनी टिपणे फेकून सर्व नव्याने उतरवायची असतात. कधीकधी फोन तासभर 'मेल उतरवत आहे' म्हणत बसतो त्याचे हेही एक कारण असते.

हा क्रिस्पिन मजेशीर असावा. १ एप्रिल १९७८ रोजी त्याने एक गंभीर चेहऱ्याचा तांत्रिक मसुदा काढला होता. विषय काय, तर संगणकाने अधूनमधून माहिती हरवावी, अशी सोय! तोच गृहस्थ पुढे पत्रे न हरवण्याच्या मागे लागला. १९८८ मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. तिथे तयार झालेला 'पाइन' हा पत्रे वाचण्याचा कार्यक्रम आपल्याकडच्या काळ्या पडद्याच्या खात्यांवर अनेकांनी वापरला असेल. त्याच्या पोटातले बरेचसे यंत्र क्रिस्पिनचेच. २०१२ च्या डिसेंबरात तो वारला.

त्याची कल्पना वीस वर्षे शहाण्या लोकांपुरतीच राहिली. सतत जोडलेली तार आणि भरपूर जागा, दोन्ही सामान्य माणसाकडे नव्हते. १ एप्रिल २००४ ला जीमेलने एक जीबी जागा फुकट दिली, तेव्हा लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. २००७ च्या जूनमध्ये आयफोन आला आणि ऑक्टोबरमध्ये जीमेलने आयमॅप खुले केले. एका माणसाकडे दोन-तीन यंत्रे आल्यावर मूळ प्रत एका घरी नेऊन कसे भागणार? पुढे परवलीचा शब्द प्रत्येक यंत्रात साठवणेही धोक्याचे ठरले आणि २०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी बाहेरच्या कार्यक्रमांकडून नुसता शब्द घेणे बंद केले. त्या वर्षी कित्येक ज्येष्ठांचे जुने संगणक एकाएकी मुके झाले. असो.

माझे खाते मुलाने २००९ साली आयमॅपवर लावून दिले. त्याआधीची सहा-सात वर्षे मी पत्रे पोस्टातून घरी आणली होती. म्हणजे ताईची पत्रे जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या जुन्या संगणकात. आणि तो माळ्यावर, नवरात्राच्या घटांखालच्या परातीशेजारी.

पोवई नाक्याजवळ संगणक दुरुस्त करणारा माझा एक माजी विद्यार्थी आहे. चकती काढली, दोन दिवस हातात घेऊन बसला. सगळे निघाले नाही. २००५ चे जवळजवळ पूर्ण वर्ष गेले. त्रेसष्ट पत्रे निघाली. ती त्याने माझ्या नव्या कार्यक्रमात घेतली, खात्यात 'ताई' नावाचा कप्पा केला आणि पत्रे त्यात ओढून टाकली. "सर, आता ती खात्यातच गेली. फोनवर बघा."

भाचीला सगळी त्याच रात्री पाठवली. भूकंपाचे पत्र तिने मुलांना मोठ्याने वाचून दाखवले म्हणे.

फोनवर कप्पा उघडला तेव्हा तारखा बरोबर होत्या, २००३, २००४. पण ओढाओढीत जुने शेरे काही बरोबर आले नव्हते. सगळी ठळक अक्षरांत, 'न वाचलेली'. ताईची त्रेसष्ट नवी पत्रे. रोज एक उघडतो आहे. आज सतरावे.