लाभक्षेत्र आणि बुडितक्षेत्र

कागल तालुक्यातील बिद्री येथील सहकारी साखर कारखाना दूधगंगा व वेदगंगा या दोन नद्यांचे नाव धारण करितो. ते यथार्थच आहे. बारा ते अठरा महिने शेतात उभा राहणारा ऊस केवळ पावसाळ्यावर पोसत नाही. त्यास भर उन्हाळ्यातही नदीचे पाणी लागते. आणि उन्हाळ्यात नदी वाहती ठेवावयाची, तर पावसाचे पाणी वर कोठे तरी अडविलेच पाहिजे. हे 'कोठे तरी' बोलावयास फार सोपे आहे. तेथे गावे असतात.

कोल्हापूर संस्थानात हा विचार मोठ्या प्रमाणावर प्रथम अमलात आणू पाहिला तो शाहू छत्रपतींनी. भोगावतीवरील राधानगरीचे धरण त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आरंभिले. १९२२ साली महाराज निवर्तले तेव्हा ते अपुरेच होते. पुरे व्हावयास १९५७ साल उजाडले. पुढे दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण झाले. राधानगरीत सुमारे ८ अब्ज घनफूट पाणी मावते, येथे सुमारे २५ अब्ज. जलाशयाचे माप वाढले की त्याखाली जाणाऱ्या शिवाराचेही वाढते.

लाभ हवा तर हानीही सोसली पाहिजे, असे आपण सुशिक्षित लोक सहज म्हणून जातो. वचन खोटे नव्हे. पण ते उच्चारणारा बहुधा कालव्याच्या काठी बसलेला असतो. अतिपाण्याने त्याची स्वतःची जमीन चोपण झाली, तर ती हानी त्याने आपल्या लाभापोटी सोसली असे म्हणता येईल. ज्याचे घरच पाण्याखाली गेले, त्याने कोणत्या लाभापोटी सोसावे? १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो याच प्रश्नावर. वीज मुंबईस जावयाची होती, भातखाचरे मात्र मावळची बुडावयाची होती. धरण व्हावयाचे ते झालेच.

प्रश्न मात्र बुडाला नाही. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रात ज्याची जमीन ठरीव मर्यादेहून अधिक, त्याच्याकडून काही भाग घेऊन तो धरणग्रस्तास द्यावा, हे त्यातील तत्त्व. आमच्या मते वरील वचनास खरा अर्थ येतो तो येथे. कारण पाणी घेणाऱ्यालाच त्याच्या मोलाचा वाटा उचलावा लागतो. तत्त्व उत्तम, व्यवहार अवघड. वाडवडिलांची बागायती माती सुखासुखी कोण सोडतो? आणि परक्या शिवारात, अपरिचित शेजाऱ्यांच्या बांधाला बांध लावून, नव्याने नांगर धरणे हेही सोपे नसते.