काळ्या मातींतली फटफटी

मोटार-सायकलला आपल्याकडे ‘फटफटी’ हें नांव पडलें तें तिच्या रूपावरून नव्हे, आवाजावरून. यंत्र डोळ्यांना दिसण्यापूर्वीं कानांना कळे, आणि गांवच्या वेशींतलीं पोरें त्याच्या स्वागताला आधींच धांवत सुटत. या फटफटींतील एका जातीचा, म्हणजे रस्ता सोडून धांवणाऱ्या यंत्रांचा, इतिहास आज सांगावयाचा आहे. आणि तो नांदेड-लातूरच्या बाजूनें सांगावयाचा आहे. हा मुलूख शर्यतींचें माहेर नव्हे. पण बिनरस्त्याचा प्रवास म्हणजे काय, हें येथील माणसाला कोणीं शिकविण्याची गरज नाहीं.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं नांदेडला आगगाडी आली, आणि लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्यें पोंचली. निजामाच्या रेल्वेखात्यानें १९३२ मध्यें २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरील वाहतूक सुरू केली, हें त्या काळीं मोठें पुढारलेपण होतें. परंतु स्टेशन आणि सडक सोडली कीं पुढें बैलगाडीची चाकोरी. आणि मृगाचा पाऊस पडला कीं तीही नाहींशी होई. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लगद्यासारखी धरून बसते. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, तरी चिखल कांहीं विलीन झाला नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत कामावर आलेल्या लोकांनीं खडी फोडली, तेव्हां कोठें अनेक गांवांना रस्त्याचें दर्शन घडलें.

तिकडे इंग्लंडांत नेमका हाच चिखल लोक हौसेनें शोधीत होते. २९ मार्च १९२४ रोजीं सरे परगण्यांतील कॅम्बर्ली येथें माळरानावर मोटार-सायकलींची एक शर्यत झाली आणि तिला ‘स्क्रॅम्बल’ हें नांव मिळालें. फ्रेंच भाषेनें पुढें त्याचें ‘मोटोक्रॉस’ केलें. १९४७ मध्यें हॉलंडांत राष्ट्राराष्ट्रांमधील पहिला सामना झाला व तो ब्रिटननें जिंकला. १९५७ पासून ५०० सी. सी. वर्गाची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. तोंपर्यंत या क्षेत्रांत जड, फोर-स्ट्रोक यंत्रांचें राज्य होतें. तें उलथून टाकलें हलक्या टू-स्ट्रोक यंत्रांनीं, आणि त्यांत चेकोस्लोव्हाकियाच्या सी. झेड. कंपनीचा वांटा मोठा होता. १९६४ मध्यें बेल्जियमच्या जोएल रॉबेर यानें तिच्या गाडीवर २५० सी. सी. चें अजिंक्यपद घेतलें. १९६६ पासून सलग तीन वर्षें पॉल फ्रीडरिक्स यानें ५०० सी. सी. चेंही घेतलें.

आतां मौज पाहा. सी. झेड. आणि जावा या दोन चेक भगिनी एकाच छत्राखालीं विकल्या जात, आणि त्यांतल्या जावाचा कारखाना १९६० च्या सुमारास आपल्या म्हैसुरांत उभा राहिला. म्हणजे ज्या घराण्यांतली एक गाडी युरोपच्या डोंगरउतारांवर अजिंक्यपदें जिंकीत होती, त्याच घराण्यांतली दुसरी औसा-निलंग्याच्या वाटेवर खताचें पोतें आणि पाठीमागें घरधनीण घेऊन चालली होती! १९७३ मध्यें तिचें नांव ‘येझदी’ झालें, आणि १९९६ मध्यें म्हैसूरचा कारखाना बंद पडला. तिची जोडीदारीण ‘राजदूत’ ही मूळची पोलंडची. एस्कॉर्ट्स कंपनीनें ती १९६० च्या दशकांत येथें आणली. त्याच दशकांत त्याच कंपनीनें ट्रॅक्टरही पोलंडमधूनच आणला. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाहीं. ज्या देशाचा शेतकरी चिखलांत राबतो, त्याचीं यंत्रें आपल्या शेतकऱ्याला मानवलीं.

हीं यंत्रें आज चालूं ठेवणें म्हणजे काय, तें थोडें विस्तारानें सांगतों. या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना वंगणाचा निराळा सांठा नसतो. पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें. जुन्या जावाला साधारणतः २५ भाग पेट्रोलास १ भाग तेल. तेल कमी पडलें तर पिस्टन जाम होतो, अधिक झालें तर प्लग काळवंडतो आणि धूर बाहेर पडण्याच्या वाटेंत काजळी सांचून दम कोंडतो. मग सिलिंडर उतरवून ती खरवडणें आलें. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास राखावी लागते. ती बिघडली कीं गाडी किका खाते, पण बोलत नाहीं. सिलिंडर झिजला तर तो बोअर करून एक माप मोठा पिस्टन घालतात. पण हा उपाय अनंत नाहीं, प्रत्येक वेळीं भिंत पातळ होत जाते. जावाची मागची सांखळी पूर्ण झांकलेली असल्यामुळें आपल्या चिखलांत ती टिकली. उलट तिचे खोल मडगार्ड मात्र काळ्या मातीनें इतके भरत कीं चाक फिरेना. शर्यतींतल्या यंत्रांना मडगार्ड उंच बसवितात तें याच कारणानें.

अलीकडे आणखी एक संकट आलें आहे. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळूं लागलें. उसाच्या या मुलखाला त्याचा आनंद होणें स्वाभाविक आहे. परंतु इथेनॉल हवेंतलें पाणी ओढून घेतें, आणि जुन्या पेट्रोल-कॉकमधील बूच व रबर त्याला दाद देत नाहीं, गळूं लागतें. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणाऱ्यानें टांकी रिकामी करावी हें बरें.

शर्यतींविषयीं म्हणाल, तर सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय मालिकेच्या फेऱ्या पुणें-नाशिकला झालेल्या आहेत. पण तेथें नव्या यंत्रांचाच बोलबाला. इंग्लंडांत १९६५ पूर्वींच्या गाड्यांसाठीं स्वतंत्र शर्यती भरतात, आणि जुनीं यंत्रें तेथें कांचेच्या कपाटांत नव्हे तर चिखलांत दिसतात. आपल्याकडे मात्र अडचण कायद्यांतच गुंतलेली आहे. २०२१ मध्यें केंद्राच्या मोटार-वाहन नियमांत ‘विंटेज’ वाहनांची व्यवस्था झाली. पहिल्या नोंदणीस ५० वर्षें उलटलेलें वाहन २०,००० रुपये शुल्क भरून त्या वर्गांत नोंदतां येतें, नोंदणी दहा वर्षें टिकते, आणि क्रमांकांत ‘व्ही ए’ हीं अक्षरें येतात. पण सांगाडा किंवा इंजिन बदललेलें नसावें, आणि रस्त्यावर तें केवळ प्रदर्शन, संशोधन, विंटेज रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतेंच आणावें.

नियम करणाराचा हेतु चांगला आहे, यांत शंका नाहीं. तरीही ज्याच्या राजदूतनें पन्नास वर्षें दूध वाहिलें, त्याला हा मान मिळतो तो तिनें काम सोडलें तरच. आणि ज्यानें ती शर्यतीला जुंपण्यासाठीं सांगाडा कापला, इंजिन बदललें, त्याला तर मुळींच नाहीं. माझें मत विचाराल तर यंत्र काटेकोरपणें मूळ स्वरूपांत ठेवून, सुगी उरकल्यावर स्वतःच्या रानांत पळवावें. तेथें ना नोंदणीचा प्रश्न, ना प्रेक्षकांची वाण. वेग दाखविण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्या काळचे ड्रम-ब्रेक पाण्यांतून निघाल्यावर थोडा वेळ नुसतें नांवाचे असतात.

‘येझदी’ नांवाच्या पहिल्या गाड्यांनीं २०२३ मध्यें पन्नाशी गांठली. १९७८ ची रोडकिंग २०२८ मध्यें गांठील, आणि तरुणांची आवडती आर. एक्स. १०० ही १९८५ ची, ती २०३५ मध्यें. तोंपर्यंत ज्यांच्या घरीं त्या आहेत त्यांनीं सिलिंडर शक्य तितका कमी वेळां बोअर करावा.