तबेल्यातली काडतुसं

मेरठ छावणीत पोस्टिंग झालेल्या माणसाला १८५७ चुकवता येत नाही. २४ एप्रिल १८५७ रोजी इथल्या परेडवर तिसऱ्या लाइट कॅव्हलरीच्या ९० स्वारांसमोर काडतुसं ठेवली गेली आणि त्यातल्या ८५ जणांनी ती घ्यायला नकार दिला. ९ मे रोजी त्यांना बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी छावणी पेटली. शाळेत आपण हा प्रसंग धर्माचा म्हणून शिकलो, आणि तो होताच. पण वर्दीतल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. काडतूस ही शिपायाने विश्वासावर हातात घ्यायची वस्तू आहे. ते कुणी बनवलं, कशाने बनवलं, कुठे ठेवलं होतं, हे त्याला दिसत नाही. त्याच्या हातात येतो तो फक्त शेवटचा परिणाम.

आज मात्र मला दुसरी, कमी माहीत असलेली गोष्ट सांगायची आहे. तीही हिंदुस्थानातल्या छावण्यांचीच आहे आणि तीत घोडे, पाऊस आणि पितळ आहे.

१८५७ चं काडतूस कागदाचं होतं. त्यानंतर दहा वर्षांत स्नायडर रायफल आली आणि वूलविचच्या कर्नल बॉक्सरचं, पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं काडतूस आलं. मार्टिनी-हेन्री रायफलीलाही सुरुवातीला असाच गुंडाळलेला पत्रा होता. तो सहज चेपायचा. नळी तापली की पुंगळी आतच चिकटायची आणि ओढताना फाटायची. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्ली इथे ऐन लढाईत ब्रिटिशांच्या रायफली अशाच अडकल्या. शत्रू भाल्याच्या अंतरावर आणि नळीत फाटलेली पुंगळी. त्यानंतर गुंडाळलेल्या पत्र्याचे दिवस भरले आणि एकाच तुकड्यातून ओढून काढलेली घट्ट पितळी पुंगळी रूढ झाली. आजच्या ९ एमएम पिस्तुलाची पुंगळीही त्याच घराण्यातली.

ही पुंगळी कशी बनते ते थोडं समजून घेऊ. साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची चकती घेतात. ती दाबून वाटी करतात आणि ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. हे काम थंड धातूवर होतं. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी हंडा घडताना पाहिला असेल, त्यांना ठाऊक आहे की ठोकून ठोकून धातू ताठर होतो आणि मधूनमधून तो भट्टीत लाल करून नरम करावा लागतो. नाहीतर तडकतो. पुंगळीचंही तसंच. ओढताना तिच्या अंगात ताण राहून जातो. वरून मात्र ती सोन्यासारखी चकचकीत दिसते.

आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथला माल असो की विलायतेहून आलेला, छावणीत पोचला की त्याचं पुढचं आयुष्य साठवणीवर अवलंबून. त्या काळी पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या. काडतुसांच्या पेट्या कोरड्या दिवसांपर्यंत बाजूला ठेवल्या जायच्या आणि छप्पर असलेली सोयीची जागा म्हणजे घोड्यांचे तबेले. पाऊस संपला, पेट्या उघडल्या, तर कित्येक पुंगळ्यांना उभे तडे गेलेले. न झाडता, न आपटता, नुसत्या पडून पडून. दर पावसाळ्यात हे घडायचं म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. नाव मिळालं, पण कारण मिळेना. दोष कारखान्याचा म्हणावा, तर कारखान्यातून माल तपासूनच निघालेला. छावणीचा म्हणावा, तर तिथे कुणी काही केलेलंच नाही.

उत्तर मिळालं १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि पितळेच्या अंगातला ताण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पितळ तडकतं. तिघांपैकी एक काढून घ्या, तडा जात नाही. घोडे आणि पाऊस तर काढता येत नव्हते, म्हणून ताण काढला. तयार पुंगळीला मंद आच द्यायची, इतकीच की ताण सुटेल पण पितळ मऊ पडणार नाही. तांबटाच्या भट्टीचंच हे शास्त्र, फक्त मोजूनमापून.

आज रायफलीच्या बऱ्याच फौजी काडतुसांच्या तोंडाशी निळसर-काळपट छटा दिसते. ती या तापवण्याचीच खूण. नवखा जवान ती पाहून विचारतो, "साहेब, हा माल जुना आहे का?" खरं तर ती छटा पाहून त्याने निर्धास्त व्हायला हवं. दिसतं तसं नसतं, हे काडतुसाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी खरं आहे.

हे सगळं आज आठवण्याचं कारण म्हणजे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मित्रांकडून येणारा एक प्रश्न. आपल्याकडे ९ एमएम हे सामान्य नागरिकाला वर्ज्य बोअर आहे आणि परवाना असला तरी किती काडतुसं घ्यायची याला मर्यादा असते, त्यामुळे घाऊक खरेदीचा विषयच नाही. तिकडे मात्र कायदेशीररीत्या रेंजवर सराव करणारा माणूस हजार काडतुसांची पेटी एकदम घेतो. मग एखाद्या देशाच्या फौजेने काढून टाकलेला, वीस-तीस वर्षांचा माल निम्म्या भावात दिसतो आणि तो विचारतो, "घेऊ का? चालेल का?"

माझं पहिलं उत्तर असं की भावावरून काहीच कळत नाही. फौज माल दोन कारणांनी काढते. एक, हत्यार बदललं म्हणून, आणि तो माल उत्तम असू शकतो. दुसरं, माल तपासणीत उतरला नाही म्हणून. पेटीवर हे कारण लिहिलेलं नसतं.

म्हणून आधी पुंगळीचं बूड वाचावं. तिथे कारखान्याची खूण आणि बहुधा वर्ष असतं. आपल्या खडकीच्या मालावर 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरं आणि मधे बाण असायचा. पेटीत एकच खूण, एकच वर्ष, एकच लॉट नंबर असेल तर तो माल एका घरचा. वेगवेगळ्या खुणा मिसळलेल्या असतील तर ती भेळ आहे, आणि भेळेतला एक घास चाखून बाकीच्याची चव सांगता येत नाही.

मग प्रत्येक काडतूस उजेडात फिरवून बघावं. पुंगळीच्या तोंडाशी उभी केसासारखी रेघ, हिरवट डाग, आत दबलेली गोळी, वर आलेली टोपी, यांपैकी काहीही दिसलं तर ते बाजूला. आणि एक गोष्ट फौजी लोकांना मुद्दाम सांगतो: जुनी काडतुसं चमकवू नका. बकल चमकवायच्या अनेक पॉलिशमध्ये अमोनिया असतो. म्हणजे आपण हाताने तबेला पुंगळीपर्यंत नेतो. तेलही नको, ते टोपीत झिरपलं की बार फुसका होतो.

दारूचं आयुष्य तर बाहेरून दिसतच नाही. धूरविरहित दारू हळूहळू कुजते आणि उष्णतेत ती जलद कुजते. फ्रान्सने याची किंमत तुलाँ बंदरात दोनदा मोजली. १९०७ मध्ये 'इएना' आणि १९११ मध्ये 'लिबर्ते' या युद्धनौका स्वतःच्याच बिघडलेल्या दारूने उडाल्या. दारूत डायफिनाइलअमिनसारखं स्थिर ठेवणारं द्रव्य घालतात ते याचसाठी, पण तेही वर्षांनुवर्षं खर्च होत जातं. राजस्थानात उन्हाळ्यात लोखंडी पेटीला हात लावला की चटका बसायचा. आसामात त्याच पेट्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सोडून रचायच्या, म्हणजे ओल चढणार नाही. एकाच लॉटचे दोन भाऊ दहा वर्षांनी दोन ठिकाणी भेटले, तर ते एकसारखे राहिलेले नसतात.

टोपीचंही बघावं. जुन्या फौजी टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाल्यावर नळीत त्याचं मीठ उरतं आणि ते हवेतली ओल ओढून नळी गंजवतं. नुसत्या तेलाने ते निघत नाही. आधी पाण्याने धुवावं लागतं, मग कोरडं करून तेल. जुने उस्ताद नळीत गरम पाणी ओतायचे ते उगाच नव्हे.

आता चाचणी. "पन्नास झाडली, पन्नास उडाली, माल पक्का" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. हिशेब मात्र वेगळं सांगतो. पन्नासपैकी एकही फुसका निघाला नाही, तरी खरं प्रमाण शंभरात सहापर्यंत असू शकतं. ढोबळ नियम सोपा आहे: जितकी झाडली त्या आकड्याने तीनला भागा. शंभरात एक एवढी खात्री हवी तर तीनशे झाडून सगळी उडाली पाहिजेत, तीही एकाच लॉटमधली. हजारांच्या पेटीत तीनशे चाचणीतच गेली, तर स्वस्ताई कुठे उरली, हे ज्याचं त्याने ठरवावं.

झाडताना 'खट्' झालं आणि बार उडाला नाही, तर नळी निशाण्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा. उशिरा पेटणारं काडतूस कुणाची वाट बघत नाही. आणि आवाज नेहमीपेक्षा पडला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढचा बार नळी फाडतो. हत्यार खाली करून नळी तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, मग मागे रांग कितीही लांब असो.

सरावात फुसका बार झाला तर काही बिघडत नाही, उलट ड्रिल पक्की होते. त्यासाठी स्वस्त माल खुशाल घ्यावा. पण ज्या काडतुसावर कुणाचा जीव अवलंबून आहे, ते ताजं, एका लॉटचं आणि ज्याचा इतिहास माहीत आहे असंच हवं. त्यातही रोज भरून रोज काढायचं तेच ते काडतूस बदलत राहावं, कारण वारंवार भरताना गोळी पुंगळीत आत सरकते आणि दाब वाढतो.

रात्री दोनच्या संत्रीला तुम्ही दिलेली ती मोजकी काडतुसं तो उघडून बघू शकत नाही. त्याने तबेला पाहिलेला नसतो, भट्टी पाहिलेली नसते, लॉटचं रजिस्टरही पाहिलेलं नसतं. ते सगळं कुणीतरी आधीच पाहिलं आहे, एवढ्याच भरवशावर तो अंधारात उभा असतो.