पैसा फंड आणि काचेची भट्टी

१

अहमदनगर (सांप्रत अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोनई हे गाव नेवासे तालुक्यात मोडते. तालुक्याचे मुख्य ठिकाण जे नेवासे, तेथे प्रवरेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्यात ऐतिहासिक काळातील थरांतून काचेचे मणी व बांगड्या मिळाल्या. या परिसरास काच ही वस्तू किती जुन्या काळापासून परिचित आहे, हे त्यावरून दिसून येते. असे असूनही विसाव्या शतकाच्या आरंभी येथल्या बाजारातील कंदिलाची चिमणी, औषधाची बाटली आणि खिडकीची तावदाने ही बहुतांशी परदेशातून येत होती. मणी आणि तावदान यांमधील हे अंतर केवळ कारागिरीचे नव्हते. ते भट्टीचे होते.

हे अंतर तोडण्याचा महाराष्ट्रातील पहिला मोठा प्रयत्न म्हणजे तळेगाव दाभाडे येथील पैसा फंडाचा काच कारखाना होय. १९०८ साली सुरू झालेल्या या कारखान्याचे वर्णन सामान्यतः स्वदेशीच्या भावनेचे एक फळ म्हणून केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. ज्या भांडवलावर तो उभा राहिला त्याचे स्वरूप आणि ज्या भट्टीसाठी ते खर्च व्हावयाचे तिची प्रकृती, या दोहोंमध्ये मूलतःच विरोध होता. हा विरोध लक्षात घेतल्यावाचून कारखान्याच्या अडचणींचा अथवा त्याच्या यशाचाही नीट उलगडा होत नाही.

२

काचेचे मुख्य द्रव्य म्हणजे शुद्ध वाळू. ती एकटी वितळविण्यास सुमारे १,७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. सोडा मिसळला असता हे प्रमाण पुष्कळ खाली येते. परंतु वाळू व सोडा एवढ्यांचीच काच पाण्यात विरघळते, म्हणून तीत चुना घालावा लागतो. हे मिश्रण पूर्णपणे वितळून त्यातील बुडबुडे निघून जाण्यास १,४०० ते १,५०० अंशांपर्यंत उष्णता द्यावी लागते. पुढे रस काहीसा निवून मधासारखा दाट झाला म्हणजे नळीच्या टोकावर घेऊन तो फुंकता येतो. तयार झालेली वस्तू वेगळ्या भट्टीत सावकाश थंड करावी लागते. एरवी आतील ताणाने ती आपोआप तडकते.

जुन्या बांगडीवाल्याची भट्टी लहान होती. थोडी काच वितळवावी, माल घडवावा आणि काम संपताच भट्टी विझवावी, हे तीत शक्य होते. कारखान्याच्या भट्टीस ते शक्य नसते. तिच्यातील मोठ्या मुशी उष्णता सहन करणाऱ्या खास मातीच्या असतात. त्या घडविल्यानंतर महिनोन् महिने वाळवाव्या लागतात व हळूहळू तापवूनच भट्टीत बसवाव्या लागतात. भट्टी एकदा निवली की मुशी तडकतात, आतील रस थिजतो आणि पुन्हा उष्णता चढविण्यात कित्येक दिवस व पुष्कळ कोळसा खर्ची पडतो. यास्तव माल खपो वा न खपो, भट्टी अहोरात्र पेटती ठेवावीच लागते.

युरोपात या प्रश्नाची दिशा सीमेन्स बंधूंच्या शोधाने बदलली. बाहेर जाणाऱ्या धुराची उष्णता विटांच्या जाळीत साठवून तीच आत येणाऱ्या हवेस देण्याच्या युक्तीचे पेटंट फ्रीड्रिख सीमेन्स यांनी १८५६ साली घेतले. पुढे मुशींऐवजी एकाच मोठ्या हौदात काच सतत वितळविणारी भट्टीही त्यांनी प्रचारात आणली. जळण वाचले, परंतु उत्पादन अखंड व मोठ्या प्रमाणावर झाले. म्हणजेच कारखानदारास लागणारे भांडवल आणि हमखास बाजारपेठ यांची गरजही त्याच मानाने वाढली. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले युरोपीय धर्तीचे काही कारखाने टिकू शकले नाहीत, ते या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे.

३

अंताजी दामोदर काळे यांनी मांडलेली पैसा फंडाची कल्पना अत्यंत साधी होती. प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारावेत, एवढेच तिचे सूत्र. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेचा पुरस्कार केला आणि स्वयंसेवकांनी वर्गणी गोळा केली. गरिबातील गरीब माणसालाही आपण उद्योगाच्या उभारणीत भागीदार आहोत असे वाटावे, हे या योजनेचे खरे सामर्थ्य होते.

तथापि हिशेब मांडून पाहणे उद्बोधक आहे. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. एक लक्ष माणसांनी प्रत्येकी एक पैसा दिला तर १,५६२ रुपये ८ आणे जमतात. एक कोटी माणसांनी दिला तरच १,५६,२५० रुपये. लाखो दारांशी जाऊन गोळा करावयाची ही रक्कम प्रचाराच्या दृष्टीने अमोल असली, तरी तिचा ओघ लोकांच्या उत्साहावर अवलंबून होता. उत्साहास भरती-ओहोटी असते. भट्टीच्या कोळशास नसते.

कारखान्याची तांत्रिक धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांजकडे आली. जपानमध्ये व त्यानंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकून आलेला हा उत्तर हिंदुस्थानी तरुण तळेगावी यावा, हीच त्या काळाची एक खूण म्हणावी लागेल. परंतु काळ अनुकूल नव्हता. १९०८ च्या जून महिन्यात टिळकांना अटक झाली आणि जुलैत सहा वर्षांची शिक्षा होऊन ते पुढे मंडालेस गेले. तळेगावातीलच समर्थ विद्यालय १९१० साली सरकारने बंद पाडले. लोकवर्गणी हाच ज्याचा आधार, अशा संस्थेस या दडपशाहीच्या वातावरणात काय सोसावे लागले असेल, हे सांगावयास नको.

४

स्थानाचाही प्रश्न होता. मुंबई-पुणे लोहमार्गावरील तळेगाव बाजारपेठेस जवळ, परंतु कच्च्या मालास दूर होते. दख्खनचे पठार काळ्या बेसॉल्ट खडकाचे. तळेगावची इंद्रायणी काय किंवा नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा काय, या नद्यांच्या वाळूत लोहाचा अंश असतो, आणि थोड्याशा लोहानेही काचेस हिरवट झाक येते. शुभ्र वाळूचा मोठा साठा अलाहाबादकडे. कोळसाही या पठारावर नाही. तो रेल्वेने दुरून आणावयाचा. सोडा तर बव्हंशी परदेशाहून येई.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया, जर्मनी व बेल्जम येथील माल थांबला आणि देशी कारखान्यांना अवसर मिळाला. कऱ्हाडनजीक ओगलेवाडी येथे ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला, तो याच काळात. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. परंतु जपानी माल बाजारात उतरला होता आणि युद्धानंतर युरोपीय मालही परतला. टॅरिफ बोर्डाने १९३२ साली काचधंद्यास संरक्षण देण्याची शिफारस केली. १९३५ साली हिंदुस्थान सरकारने ती फेटाळली. कारण असे की, सोडा ॲश हा प्रमुख कच्चा माल देशात पुरेसा होत नाही! ज्या उणिवेमुळे धंदा दुबळा होता, तीच त्यास आधार नाकारण्याचे कारण ठरली. मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना १९३९ साली, म्हणजे या निर्णयानंतर चार वर्षांनी झाली.

५

या सर्व परिस्थितीत तळेगावचा कारखाना नफ्याचे उदाहरण होऊ शकला नाही, यात नवल नाही. त्याचे कार्य निराळ्या मापाने मोजले पाहिजे. फुंकनळी धरणे, मुशी घडविणे, रसाचा रंग पाहून उष्णता ओळखणे, ही विद्या पुस्तकात मिळत नाही. ती पेटत्या भट्टीपुढेच शिकावी लागते. तळेगावी शिकलेली माणसे देशातील इतर काच कारखान्यांत गेली. खुद्द वार्ष्णेय यांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे काच कारखाना उभारला. लोकांच्या पैशाने तळेगावी भट्टी पेटती राहिली, ती मुख्यतः विद्यालय म्हणून. खाजगी भांडवलदार असे विद्यालय तोट्यात चालविता ना, आणि सरकारने ते चालविले नव्हते.

एक तुलना येथे प्रस्तुत ठरेल. नगर जिल्ह्यातच लोणी येथे १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे सोनई येथेही मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अनेकांच्या लहान रकमांतून मोठा उद्योग उभारणे, हे सूत्र पैसा फंडाचेच. परंतु साखर कारखान्याचा सभासद भागधारक असतो. त्याचा ऊस त्या कारखान्यात जातो आणि कारखान्याच्या नफातोट्याशी त्याचा प्रपंच बांधलेला असतो. पैसा फंडाचा वर्गणीदार केवळ दाता होता. १९०४ चा सहकारी कायदा पतपेढ्यांपुरताच होता. इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना त्याची दारे १९१२ च्या कायद्याने उघडली. म्हणजे १९०८ साली काळे यांच्यापुढे दान आणि जॉइंट स्टॉक कंपनी एवढेच दोन मार्ग होते, आणि एका पैशाच्या भागधारकांची कंपनी व्यवहारात शक्य नव्हती.

सामान्य माणसाच्या भांडवलावर कारखाना उभा राहू शकतो, ही श्रद्धा तळेगावने प्रथम प्रत्यक्षात आणली. त्या भांडवलास मालकी, कायदा आणि सरकारी धोरण यांची जोड मिळावयास पुढे चार दशके जावी लागली. तोवर तळेगावच्या भट्टीने जे उत्पन्न केले, त्यात काचेच्या मालापेक्षा काचकामगार हेच अधिक मोलाचे होते.