अंडमोचन, मांजरातील

पाळीव मांजरीच्या अंडाशयातून पक्व अंडी सुटण्याची क्रिया. गाय व कुत्री यांच्यात ती ठरावीक काळाने आपोआप होते; मांजरीत ती बहुधा समागमानंतरच होते. ससा, उंट व फेरेट यांचाही प्रकार असाच आहे.

माज दिवसाच्या लांबीवर ठरतो. अंधारात पिनिअल ग्रंथीतून स्रवणारे मेलाटोनिन प्रजननाला आवर घालते. दिवस मोठे झाले की तो आवर सुटतो. उत्तर युरोपात म्हणूनच हिवाळ्यात माज थांबतो. महाराष्ट्रात लहान व मोठ्या दिवसांतला फरक कमी, त्यात घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू. त्यामुळे असा खंड ठळकपणे दिसत नाही.

पोष ग्रंथीतील एफएसएच या हॉर्मोनमुळे अंडाशयात अंडी धारण करणारी पुटके वाढतात आणि इस्ट्रोजेन स्रवू लागते. मांजर लोळते, ओरडते, पाठीवरून हात फिरवताच मागचा भाग उचलून शेपटी बाजूला घेते. हा माज साधारण आठवडाभर टिकतो. बोका न मिळाल्यास पुटके विरतात, थोड्या दिवसांत नवी तयार होतात व पुन्हा तेच सुरू होते.

बोक्याच्या शिश्नावर मागे वळलेले बारीक काटे असतात. तो अलग होताना मांजर किंचाळते, त्याच्यावर पंजा उगारते आणि मग जमिनीवर लोळते. काट्यांमुळे योनीत होणारी चेतना मज्जातंतूंवाटे अधोथॅलॅमसला पोचते; तेथून जीएनआरएच हे हॉर्मोन सुटते आणि काही मिनिटांतच पोष ग्रंथीतून अंडमोचन घडवणारे एलएच हे हॉर्मोन रक्तात येऊ लागते. एका समागमाने एलएचची पातळी पुष्कळदा पुरेशी चढत नाही. काही तासांत तो अनेकदा घडला, तर चढते. त्यानंतर सुमारे एक ते दोन दिवसांत अंडी सुटतात. या काळात बोके वेगवेगळे असले, तर एकाच वेतातल्या पिलांचे बापही वेगळे असू शकतात. काटे टेस्टोस्टेरॉनवर पोसलेले असतात व खच्चीकरणानंतर काही आठवड्यांत नाहीसे होतात. बोक्याचे खच्चीकरण झाले आहे का, हे पशुवैद्य त्यावरूनही ताडतात.

फुटलेल्या पुटकांचे पीतपिंड होऊन प्रोजेस्टेरॉन स्रवते. गर्भ राहिल्यास सुमारे 65 दिवसांनी मांजर विते. न राहिल्यास आभासी गर्भावस्था सुमारे 40 दिवस चालते. काही मांजरींत बोक्यावाचूनही अंडमोचन होते, म्हणून घरात कोंडलेल्या मांजरीलाही गर्भाशयात पू होण्याचा धोका राहतो.

माज थांबवण्यासाठी प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी स्तनांच्या गाठी, मधुमेह व गर्भाशयाचे विकार उद्‌भवू शकतात. परस्पर दुकानातून आणून त्या देऊ नयेत. पिले नको असतील, तर नसबंदी शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय होय.