मुक्या जनावराची साक्ष

घाटंजीच्या काळ्या मातींत कपाशी पिकते ती बैलाच्या खांद्यावर. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लागावयाची, तो बैल त्यापूर्वींच बुळकांडीनें गेला तर वऱ्हाडांतील कुणब्याचें सारें वर्ष बुडे. ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडांत चट्टे, मग हगवण; हीं लक्षणें दिसेपर्यंत रोग शेजारच्या गोठ्यांतहि शिरलेला असे. मुक्या जनावराला दुखणें सांगतां येत नाहीं. मग साक्ष घ्यावयाची कोणाची?

या प्रश्नाचा शास्त्रीय शोध घेण्यासाठीं १८८९ मध्यें पुण्यास इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. रोगजंतु भरवस्तींत हाताळणें धोक्याचें, म्हणून १८९३ मध्यें ती हिमालयांत मुक्तेश्वरला नेण्यांत आली. बुळकांडीनें मेलेल्या जनावराचें पित्त निरोगी गुरांस टोचून त्यांचा बचाव करण्याचा प्रयोग रॉबर्ट कॉख यांनीं दक्षिण आफ्रिकेंत केला होता. १८९७ मध्यें ते मुक्तेश्वरलाहि आले. १८९९ पासून तेथें रक्तांतील निवळ द्रव, म्हणजे सीरम, टोचणीसाठीं तयार होऊं लागला.

रोगाशीं झुंजलेल्या रक्तांत त्या झुंजीची खूण राहते. तिला प्रतिद्रव्यें म्हणतात. पुढें हीच खूण तपासाचें साधन झाली. १९५४ मध्यें देशभर टोचणीची मोहीम सुरू झाली. १९९५ मध्यें भारतांतील शेवटची लागण झाली. मग टोचणी थांबवून गुरांचें रक्त तपासलें, आणि रोग कोठें दडलेला नाहीं हें त्या रक्तानेंच सिद्ध केलें. २०११ मध्यें सारें जग बुळकांडीमुक्त ठरलें.

परंतु १९८६ मध्यें ब्रिटनमध्यें ओळखल्या गेलेल्या ‘वेड्या गाई’च्या रोगापुढें ही साक्ष मुकी झाली. मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांचा भुगा गाईंना चारल्यानें तो पसरला. त्याचें कारण विकृत घडीचें प्रथिन. स्टॅन्ले प्रुसिनर यांनीं १९८२ मध्यें त्यास प्रिऑन हें नांव दिलें. तें शरीराच्याच प्रथिनाचें बिघडलेलें रूप असल्यानें शरीर त्यास परकें मानीत नाहीं, व प्रतिद्रव्यें होत नाहींत. निदान होतें तें गाय मेल्यावर, मेंदू तपासून.

२००१ मध्यें क्लॉडिओ सोटो व सहकाऱ्यांनीं विकृत प्रथिनाचा सूक्ष्म अंश निरोगी प्रथिनांत मिसळून वाढविण्याची रीत काढली. तिच्या आधारें २०१४ मध्यें रोगी माणसांच्या मूत्रांतहि प्रिऑन सांपडला. जिवंत गाईच्या रक्तमूत्रावरून निर्णय देणारी सर्वमान्य कसोटी मात्र अद्याप नाहीं.

भारतांत या रोगाची नोंद नाहीं. तरीहि जेथें रक्त साक्ष देत नाहीं, तेथें पहारा दावणीवरच ठेवावा लागतो. घाटंजीचा शेतकरी बैलापुढें कडबा नि सरकी टाकतो. त्या दावणींत दुसरें कांहीं पडूं न देणें, हीच तूर्त खरी तपासणी.