डार्टमूरवरील मध्ययुगीन वसाहत
इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ग्रॅनाइटी पठार. त्याचे उघडेबोडके रूप नैसर्गिक भासते. परंतु ते बव्हंशी माणसाने व गुरांनी घडविले. वृक्षतोड प्रागैतिहासिक काळीच सुरू झाली होती. तेराव्या शतकात हाउंड टॉर येथे दगडी घरे उभी राहिली. त्यांत एकाच छपराखाली उताराच्या वरच्या अंगास माणसे व खालच्या अंगास गुरे राहत. उत्खननात धान्य वाळविण्याच्या भट्ट्याही आढळल्या. या दमट हवेत शेती किती जिकिरीची होती, हे त्यांवरून उमगते. उन्हाळ्यात सखल भागातील गुरे पठारावर चरावयास येत. त्यांच्यापासून पिके राखण्यासाठी माळाच्या बाजूस खंदक व दगडी भिंत असलेले बांध घालीत. ते अद्याप दिसतात. १३४८ च्या प्लेगनंतरच्या काही दशकांत हे गाव ओसाड झाले. त्यास केवळ थंडावलेले हवामान कारण मानणे अपुरे ठरते. गुरे मात्र चरत राहिली, म्हणून तेथे पुन्हा रान माजले नाही.